शीळ कशाने उघडायची

४ फेब्रुवारी

ताई,

आधी गुन्हा सांगतो, मग खुशाली. मावशीच्या, म्हणजे तुझ्या आईच्या कॉम्प्युटरची वाट मी लावलीय. तिला वाटतंय तो म्हातारा झाला. म्हातारा-बितारा काही नाही, माझ्यापेक्षा ठणठणीत आहे.

हेतूही सांगून टाकतो, म्हणजे शिव्या एकदाच खाईन. मला तो हवा होता. गेम खेळायला. नापास झालो म्हणून बाबांनी मला इकडे मावशीकडे पाठवलं, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात चिकटवलं. तिथला मालक स्क्रू सोडून काही हातात देत नाही. आणि इकडे काका गेल्यापासून तो कॉम्प्युटर मागच्या खोलीत कापड पांघरून बसलेला. मावशी कधीतरी तुझे फोटो बघायला उघडणार, बास. सरळ मागितला असता तर तिने विचारलं असतं, कशाला? आणि माझ्याकडे ‘कशाला’ला उत्तर कधीच नसतं, तुला माहीत आहे. म्हणून म्हटलं, तिनेच वैतागून म्हणावं, टोळ्या, घेऊन जा हा डबा.

तर केलं असं. फाइलवर उजवं बटण दाबलं की ‘कशाने उघडू’ अशी यादी येते, आणि खाली एक बारका चौकोन असतो, ‘नेहमी यानेच उघड’. त्या चौकोनात बरोबरची खूण केली की संपलं. मग तो बिचारा डोकं चालवत नाही, सांगितलेलं करतो. फोटो मी दिले लिहायच्या प्रोग्रामकडे. शिवणाच्या मापांचे कागद दिले गाण्याच्या प्रोग्रामकडे. आणि आवाजाच्या फाइली दिल्या काकांच्या त्या पंपवाल्या प्रोग्रामकडे, कारण तो उघडला की मेलेल्या टीव्हीसारखा दिसतो, नुसती पिवळी-निळी राख. म्हटलं, हे बघून कुणाचीही खात्री पटेल की मशीन वर गेलं.

मावशी आली, सुई छातीशी कापडात खोचलेली. तुझा जहाजाच्या शिडीवरचा फोटो दाबला, तर पानभर मुंग्या, चौकोन आणि प्रश्नचिन्हं. ती म्हणाली, “माझ्या पोरीचं हे काय झालं?” तिला ऐकू येत नसल्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतो ते तिला कळत नाही, समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. मी ओठ चावून हसू दाबलं. मग तिचं तोंड बघितलं आणि दाबायला हसू उरलं नाही. तरी हट्टाने कापायच्या टेबलावर तिच्याच खडूने लिहिलं, ‘म्हातारा झाला. भंगार.’ आम्ही असंच बोलतो, ती तोंडाने, मी खडूने; ओठ तिला वाचता येतात, पण माझे म्हणे फार पळतात. तिने वाचलं, बाहीने पुसलं.

माझं काम होतच आलं होतं ग. पण बंद करायच्या आधी तिने काकांच्या आवाजांची पेटी उघडली. कान गेल्यापासून ती तिकडे फिरकत नव्हती, बहिऱ्या माणसाने आवाजांचं करायचं काय? एक दाबला. ती राख आली. आणि मावशी बसली, ती बसलीच. परवापासून एक उघडते, बघते, बंद करते, दुसरा उघडते. शाळेच्या गणवेशांचं कापड न कापता पडलंय. मी टेबलावर लिहिलं, ‘काय बघतेस?’ तर म्हणते, गप्प बस. मी बोलत पण नव्हतो.

ताई, मला भीती वाटतेय. तिच्या डोक्यावर परिणाम झाला तर तो माझ्यामुळे. काय करू ते लवकर लिही. जहाजावर मेल उशिरा पोचते माहीत आहे, तरी.

तुझा,
टोळ

ता. क. माझ्या सगळ्या शर्टांच्या कॉलरला तिने आतून लाल दोऱ्याने डोंगर शिवलेत. तीन बुटके, एक उंच. तुमच्या घराण्याचा शिक्का. मला कुणी पळवून नेणार आहे का?


९ फेब्रुवारी

टोळोबा,

तुझं पत्र मी इंजिनरूमच्या बाहेर येऊन वाचलं. आत शिव्या दिल्या तर कुणालाच ऐकू जात नाहीत, मजा येत नाही. बाहेर मनसोक्त दिल्या. आमच्या खानसाम्याला वाटलं जहाजाला भोक पडलं.

तुझं नशीब थोर आहे म्हणून ऐक. प्रत्येक फाइलच्या नावामागे एक टिंब असतं आणि टिंबामागे शेपूट. कॉम्प्युटर आत काय भरलंय ते बघत बसत नाही. शेपूट बघतो आणि त्या शेपटाचा जो मालक ठरलेला असेल त्याच्या हातात फाइल देतो. तू मालक बदललेस. आतलं काही बिघडलेलं नाही, माझा फोटो अजून फोटोच आहे, फक्त तो अशा माणसाच्या हातात गेला ज्याला फोटो म्हणजे काय हेच ठाऊक नाही. ज्या चौकोनात खूण केलीस तिथेच परत जा आणि ज्याचं त्याला दे. फोटो आधी. आजच.

आईच्या डोक्याची काळजी करू नकोस, तुझ्यापेक्षा बरं आहे. बाबा पाणीपुरवठ्यात पंपांचे मेकॅनिक होते हे तुला माहीत आहे, पण काम कसं करायचे ते माहीत नसणार. प्रत्येक पंपाचा आवाज ते रेकॉर्ड करून आणायचे आणि त्या प्रोग्राममध्ये उघडून बघायचे. त्या चित्रात डावीकडून उजवीकडे वेळ सरते. जाड आवाज खाली दिसतो, बारीक आवाज वर. चांगला पंप म्हणजे आखल्यासारख्या सरळ आडव्या रेघा. आतल्या बेअरिंगचा छर्रा घासायला लागला की वर कुठेतरी एक केसाएवढी रेघ उगवते, कानाला कळायच्या कितीतरी आधी. बाबा म्हणायचे, कान सवयीला विकला जातो. आई तेच बघत असेल, त्यांचं काम. बघू दे.

आणि त्या डोंगरांना हसू नकोस. पाणीपुरवठ्यात सगळ्यांचे कामाचे कपडे एकसारखे, एकाच मोठ्या मशीनमध्ये धुवायला जायचे. बाबा एकदा दुसऱ्याचीच पँट घालून घरी आले, घोट्याच्या वर. तेव्हापासून आईने ती खूण सुरू केली. माझ्या इथल्या बॉयलर सूटलाही आहे. बाकीच्यांना वाटतं मी कसल्यातरी टोळीत आहे.

२४ तारखेला आम्ही बंदराला लागतोय. तिथे नेट चांगलं मिळतं. मी तिथून नेटवरूनच आईच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून सगळं तपासणार आहे. जे वाकडं सापडेल ते मी सरळ करीन, आणि मग तुलाही.

ताई


१३ फेब्रुवारी

ताई,

फोटो जागेवर. मावशीने तुझा शिडीवरचा फोटो बघितला आणि म्हणाली, आली बाई. मापांचे कागद जागेवर. आवाज मात्र मी तसेच ठेवलेत. तुझं ऐकलं नाही असं नको समजूस. का ते पूर्ण वाच, मग हाण.

परवा दुपारी मी जेवत होतो. मावशीने मागून येऊन माझा कान धरला, तोच एक कान या घरात चालतो म्हणून असेल, आणि ओढत स्क्रीनसमोर नेलं. तू म्हणालीस तशा आडव्या रेघा होत्या, पंपाच्या, एकाखाली एक, नांगरलेल्या जमिनीसारख्या. पण त्यांच्या वर एक बारीक दोरा होता. तो रेघेसारखा सरळ नव्हता. वर चढत होता, जरा लोंबत होता, परत चढून लांब थांबत होता. मावशीने त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे काय आहे सांग.”

मी टेबलावर लिहिलं, ‘मशीनची खरखर.’ तिने मान हलवली. मग बोट दोऱ्यावरून हळूहळू पुढे नेलं, शिवताना कापड सरकवते ना तसं, आणि ओठांचा चंबू करून शीळ घातली. ताई, ती शीळ बेसूर होती, फुसकी होती, तिला स्वतःला ती ऐकू पण आली नसणार. पण जिथे दोरा चढला तिथे ती चढली, जिथे लोंबला तिथे लोंबली. आणि मी ती ओळखली. काका पाळी संपवून यायचे तेव्हा कोपऱ्यावरून घालायचे ती. चहा टाक म्हणून. मी लहानपणी सुट्टीत इथे यायचो तेव्हा मी पण तिची नक्कल करायचो आणि मावशी दोनदा चहा टाकायची.

मी हेडफोन लावला. पंप घर्रघर्र करतोय आणि मागे काका शीळ घालतायत, स्वतःच्या नादात, कामात हात घालून. तीच. जशीच्या तशी. ज्याला मी मेलेला टीव्ही समजत होतो त्यात काका उभे होते, आणि ते एका बहिऱ्या बाईने ओळखले, कान असलेल्या मला सांगितले. मी नंतर बराच वेळ एकच फाइल हेडफोनने ऐकत आणि डोळ्याने बघत बसलो. कानात शीळ, समोर दोरा, दोन्ही बरोबर चालतात, एक पाऊल मागेपुढे नाही. एकच वस्तू आहे ही. माझ्याकडे कानाने येते आणि मावशीकडे डोळ्याने जाते. हे कुणी शाळेत सांगितलं असतं तर मी नापास झालो नसतो. बरं, झालो असतो, पण एका विषयात कमी.

आता तिला वेडच लागलंय, चांगलं वेड. प्रत्येक चित्राच्या सुरुवातीला कंगव्याच्या दातांसारखा एक पुंजका असतो. तिने विचारलं हे काय. मी ऐकून टेबलावर लिहिलं, काका म्हणतायत, ‘तीन नंबर, चालू.’ दुसऱ्यात, ‘सात नंबर, चालू.’ आता ‘चालू’चे दात तिला पाठ झालेत. कुठल्याही चित्रात बोट ठेवून म्हणते, इथे चालू म्हणाले. मी ऐकून बघतो. असतंच. शिवणयंत्र तिने मागच्या खोलीत ओढून नेलंय, समोर एक चित्र उघडून ठेवते आणि गणवेश शिवते. कामं भराभर उरकतायत.

आता मुद्दा. काल ती मला म्हणाली, “हे ह्यांनीच लावून ठेवलं. माझे कान जाणार ते त्यांना दिसत होतं. म्हणून आवाज दाबला की चित्र उघडेल असं करून गेले.” आणि माझ्याकडे बघत बसली. खडू माझ्या हातात होता. तू असतीस तर काय लिहिलं असतंस? मी लिहिलं, ‘हो.’

तर ताई, तू २४ तारखेला आत शिरशील तेव्हा सगळं बघ, पण आवाजांना हात लावू नकोस. तू ते सरळ केलंस की ती दाबणार, गाणी वाजवायचा प्रोग्राम उघडणार, आणि तिच्यासमोर नुसती एक पुढे सरकणारी पट्टी येणार. मग?

अजून एक. त्या पेटीत आत एक वेगळी पेटी आहे, काकांच्या शेवटच्या हिवाळ्यातली. मावशी अजून तिथवर पोचली नाही. त्यात पंप नाहीतच. त्यातल्या फाइली मी फोनवर उतरवून दुकानात ऐकल्या. नुसती शीळ, पण कसलीच चाल नाही. वर चढते आणि कोसळते, मग धाप, मग परत चढते. आमचा मालक म्हणाला, किटलीचा गळा कोण दाबतंय? शेवटच्या फाइलमध्ये शेवटी धप् असा आवाज आहे. मला काही ते कळलं नाही. तीन फाइली सोबत जोडल्यात. बघ तुला काही समजतं का.

टोळ


१९ फेब्रुवारी

टोळ,

ऐकल्या. इथे सगळ्यांचा मिळून एक कॉम्प्युटर आहे, जेवणाच्या खोलीत. त्यावर गाणी वाजतात आणि मेल जाते, बाकी काही टाकू देत नाहीत. लोक जेवत होते. मी हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून बसले होते.

त्या हिवाळ्यात मी दर बंदराहून फोन करायचे. बाबा म्हणायचे, ठीक आहे ग, थंड वाऱ्याने घसा बसलाय. आईला विचारायची सोय नव्हती, तिचे कान तोवर पुरते गेले होते. माझी जहाजावरची मुदत संपत आली होती. घरी ये म्हणाले असते तर आले असते. ठीक आहे म्हणाले म्हणून मी पुढच्या मुदतीवर सही केली. पुढचं तुला माहीत आहे, मी पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं.

आता तुझ्या त्या तीन फाइली. ज्या माणसाची शीळ गल्लीच्या टोकाला ऐकू यायची तो चार क्षण शीळ घालतो आणि धापा टाकतो. स्वतःचीच शीळ त्याला जमत नाही म्हणून परत परत करून बघतो. दर वेळी वर जाताना तुटते. आणि शेवटी धप्. मी ते धप् किती वेळा ऐकलं सांगत नाही. ते पडले, टोळ. एकटेच होते, पडले, आणि कुणाला बोलले नाहीत. मला तर नाहीच.

आईने हे बघता कामा नये. तू म्हणतोस तशी ती सगळं वाचायला शिकली असेल तर ती प्रत्येक धाप वाचेल. तू ती पेटी उघडू नकोस, तिला दाखवू तर नकोसच. शक्य झालं तर तिच्या नजरेआड कर. २४ ला मी स्वतः शिरून ती पेटी पुसून टाकते, कचऱ्याच्या डब्यातूनही काढते, म्हणजे प्रश्नच नको.

आणि आवाजही पूर्वीसारखे लावते. तू चांगल्या मनाने म्हणतोयस, कळतं मला. पण बाबांनी काही लावून ठेवलेलं नव्हतं. आई ज्यावर जीव टाकून बसलीय तो तुझा चावटपणा आहे. उद्या तुझ्याच तोंडून निसटेल, आणि तेव्हा तिचा माणूस दुसऱ्यांदा जाईल. त्यापेक्षा आत्ताच थोडं दुखलेलं बरं. मी तिला नीट समजावून लिहीन.

रागावले नाहीये. जेवून घेत जा.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र वाचल्याशिवाय २४ ला आत शिरू नकोस. शिरलीच असशील तर हात आखडता घे आणि आधी हे वाच.

मी तुझं ऐकायलाच गेलो होतो. खरंच. मावशी गिऱ्हाईकाला गणवेश द्यायला दाराशी गेली तेव्हा ती पेटी दुसरीकडे सरकवून ठेवावी म्हणून बसलो. पण बाहेरचं बोलणं संपलं कधी आणि ती मागे येऊन उभी राहिली कधी, मला कळलंच नाही. बहिरी ती, आणि चाहूल मला लागली नाही. तिने माझ्या खांद्यावरून हात घालून पहिली फाइल दाबली.

आपल्याकडे आवाज आता चित्र होऊनच उघडतात. मी पण हे चित्र पहिल्यांदाच बघत होतो, आधी फक्त फोनवर ऐकलं होतं ना. पंपाच्या रेघा नाहीत, सगळं काळं रिकामं, आणि मधे एक पिवळा दोरा. दारूड्याच्या वाटेसारखा. जरा चढतो, उतरतो, चढतो, उतरतो, मग उंच जायला लागतो आणि अर्ध्यात तुटतो. मी म्हटलं झालं, आता ती धाप वाचणार. बंद करायला गेलो तर माझ्या हातावर चापट बसली. दुसरी उघडली. तिसरी. सगळ्या तशाच, पण दर वेळी जरा कमी वेड्यावाकड्या. मला अजून काही कळलं नव्हतं, आईशप्पथ. मी तिच्याकडे बघत होतो, कधी रडते म्हणून.

ती रडली नाही. तिने माझी कॉलर धरली, आतली बाजू बाहेर उलटली, आणि मला मानेसकट ओढून स्क्रीनला चिकटवलं. मी गुदमरलो. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो तर माझ्या कॉलरचा लाल दोरा आणि काचेवरचा पिवळा दोरा शेजारी शेजारी.

तीन बुटके डोंगर. एक उंच.

काका चाल वाजवतच नव्हते ग. शिळेने चित्र काढत होते. मावशीचे कान गेले, कोपऱ्यावरची शीळ तिला ऐकू येईना, आणि या माणसाला माहीत होतं की शीळ डोळ्यांनी पण दिसते, सगळा जन्म पंप बघण्यात गेलेला. म्हणून तिने जे त्यांच्या कॉलरवर शिवलं तेच त्यांनी तोंडाने शिवायला घेतलं. सुई नाही, दोरा नाही, नुसता वारा. मला हे समजलं तेव्हा मी खुर्चीवर नव्हतोच, खाली फरशीवर बसलो होतो, कधी बसलो आठवत नाही.

आता धापेचं. दुकानातून आल्यावर मी स्वतः करून बघितलं. माइक लावला आणि शीळ घातली. बुटका डोंगर काढायला अर्धा श्वास लागतो. उंच डोंगराला शीळ इतकी वर न्यावी लागते की ती वाटेत फुटतेच, आणि परत तशीच गोल खाली आणायची. मला चक्कर आली. माझा डोंगर बघून मावशी म्हणाली, हा बोळा कुणी चावला? मी जवान माणूस, तरी कुत्र्यासारखा धापत होतो. काका आजारी होते, मी खोटं बोलणार नाही, श्वास जड होता तो ऐकू येतोच. पण त्यात ते मरत नाहीयेत, ताई. काम करतायत. सुरुवातीच्या फाइलमध्ये उंच डोंगर कोसळतो आणि शेवटच्या फाइलमध्ये अखंड उभा राहतो. इतका स्वच्छ की तू बघितलास तर बोट लावशील.

आणि त्या डोंगराच्या नंतर, जरा जागा सोडून, एकच उभी रेघ आहे. खालून वरपर्यंत, काठी रोवल्यासारखी. तुझं धप्. मी टेबलावर लिहिलं, ‘काका पडले का?’ मावशीने वाचलं आणि ती हसली. मी इथे आल्यापासून पहिल्यांदा ती हसताना बघितली. तिने आपल्या मांडीवर थाप मारली, जोरात, आणि म्हणाली, “पंप लागला की असंच करायचे.”

तुला आठवतंय की नाही, तू सांग. तू लहानपणी त्यांच्याबरोबर पंपघरात जायचीस म्हणे. बंद पडलेला पंप सुरू झाला की मांडीवर थाप. तुझ्या कानाला ते पडणं वाटलं. तू पण काय करणार, जहाजावरचा तो डबा फक्त वाजवतो. चूक तुझी नाही, तुझ्याकडे ते कशाने उघडलं त्याची आहे.

आता तू म्हणतेस ना, बाबांनी काही लावून ठेवलं नव्हतं? मी यावर तीन दिवस डोकं खपवलंय, मालकाने दोनदा विचारलं ताप आहे का. ऐक. डोंगर त्यांनी काढले. डोळ्यांसाठी काढले. तिच्याच डोळ्यांसाठी, कारण दुसऱ्या कुणाला ते डोंगर म्हणजे काय हेच ठाऊक नाही. सगळं काम पुरं केलं, मांडीवर थाप पण मारली. फक्त आवाजाच्या शेपटाला मालक कोण हे कॉम्प्युटरला सांगायचं राहिलं. तेवढा एक चौकोन. असेल उद्यावर टाकलेलं, आणि उद्या आला नसेल. मग मधे इतका काळ ते तिथे कापडाखाली पडून होतं, तयार, आणि कुणी दाबलं तरी किटलीचा गळा दाबल्यासारखंच वाजलं असतं.

आणि तो चौकोन मी भरला. गेम खेळायला म्हणून, एका बहिऱ्या बाईला फसवायला म्हणून. यादीत इतके प्रोग्राम होते ग. आवाज मी हिशेबाच्या यंत्राकडे दिले असते. लिहायच्या प्रोग्रामकडे दिले असते, परत पानभर मुंग्या. मी तो एकच निवडला, आणि तो पण का, तर मेलेल्या टीव्हीसारखा दिसतो म्हणून. माझ्या हाताने असं काही होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं, आणि कोणाच्या हाताने झालं हे मला अजून नक्की माहीत नाही.

मावशीने काल माझ्या सगळ्या शर्टांची खूण उसवली. म्हटलं आता घराबाहेर काढते. तर ती परत शिवत बसलीय, स्क्रीनवर बघून. काकांचा उंच डोंगर जरा उजवीकडे कललाय, दम संपत आल्यावर कलला असेल. तिने तो कल तसाच शिवला. म्हणाली, माझा फारच सरळ होता. तुझा बॉयलर सूट पण मागितलाय, घरी येशील तेव्हा घेऊन ये.

म्हणून ताई, २४ ला आत शीर, ती शेवटची फाइल आपल्या डोळ्यांनी बघ, वाटेल तेवढं रड, आणि काहीही न पुसता, काहीही सरळ न करता बाहेर पड. डबा मला नको. तो आता तिच्या यंत्राशेजारीच राहणार.

आणि तुझ्या पाया पडतो, ती पहिली चिठ्ठी पुसून टाक. कोणाला म्हणजे कोणालाही सांगू नकोस. माझ्या बाबांना नको, तुमच्या खानसाम्याला पण नको. मावशी तुला विचारणारच, ह्यांनीच लावून ठेवलं होतं ना ग? तेव्हा फक्त हो म्हण. आणि व्हिडिओ कॉलवर असशील तर मनातल्या मनात पण माझं नाव पुटपुटू नकोस. ती ओठ वाचते.

तुझा,
टोळ